१ टीबीच्या डिस्कवर ९४० जीबी मावेल का? १००० ने भागायचं की १०२४ ने?

चित्रसंग्रह:

नमस्कार मंडळी. घरातले सगळे जुने फोटो आणि व्हिडिओ मॅकवर एकाच फोल्डरमध्ये गोळा केलेत, त्या फोल्डरची साइज ९४० जीबी दिसतेय. बॅकअप ठेवायला नवीन एक्स्टर्नल हार्ड डिस्क आणली, खोक्यावर १ टीबी छापलंय, पण विंडोजच्या लॅपटॉपला लावली तर रिकामी असताना पण ९३१ जीबीच दाखवतेय. आता ९३१ मध्ये ९४० कसं बसणार हा सरळ प्रश्न आहे, म्हणून ही परत देऊन २ टीबीची घ्यावी का असा विचार चाललाय.

नेटवर शोधायला गेलो तर एकजण म्हणतो १००० ने भागा, दुसरा म्हणतो १०२४ ने, आणि कन्व्हर्टरच्या साइट पण दोन वेगळी उत्तरं देतात, एकीवर १ टीबी म्हणजे १००० जीबी आणि दुसरीवर १०२४ जीबी. नक्की बरोबर कोण?

अजून एक, डिस्क एनटीएफएस म्हणजे विंडोजच्या फॉरमॅटची आहे त्यामुळे मॅकवरून तिच्यावर लिहिता येत नाही, म्हणून ती विंडोज लॅपटॉपला लावून केबलने राउटरमधून कॉपी करून बघितलं थोडंसं. राउटर गिगाबिटचा आहे तरी स्पीड ११ एमबीच्या आसपासच अडकतोय. गिगाबिट म्हणजे सेकंदाला १ जीबी ना? मग एवढं हळू का?

निळा_ठिपका:

मावेल. मॅक १००० ने मोजतो आणि विंडोज १०२४ ने, दोघंही पुढे जीबीच लिहितात. तुमचे ९४० विंडोजच्या मापात साधारण ८७५ होतात. डिस्क परत देऊ नका.

हिशोबवही:

वरचं उत्तर बरोबरच आहे पण थोडं सविस्तर लिहितो, कारण हा गोंधळ एकदा सुटला की परत कुठल्या कन्व्हर्टरकडे जावं लागत नाही.

जीबी, टीबी हे सगळं क्षणभर बाजूला ठेवा आणि फक्त बाइट बघा. बाइटचा आकडा मॅकवर, विंडोजवर, लिनक्सवर कुठेही बघा, तोच येतो, त्याच्याबद्दल कुणाचंच भांडण नाही. भांडण सुरू होतं ते त्या आकड्याला छोटं करून दाखवताना. आणि गंमत अशी की आपल्या कोटी-लाखात मांडलं की फरक पटकन डोळ्यात भरतो. १००० च्या मापाने १ जीबी म्हणजे बरोबर १०० कोटी बाइट. १०२४ च्या मापाने १०२४ गुणिले १०२४ गुणिले १०२४, म्हणजे १०७ कोटी ३७ लाख ४१ हजार ८२४ बाइट. दोन्हीला लोक जीबीच म्हणतात, सगळी भानगड एवढीच आहे.

आता तुमची डिस्क. १ टीबी म्हणजे एक लाख कोटी बाइट, आणि कंपनीने ते खरंच दिलेले असतात, उलट किंचित जास्तच. १ टीबीच्या बहुतेक हार्ड डिस्कवर ५१२ बाइटचे १९५,३५,२५,१६८ सेक्टर म्हणजे जागेचे छोटे तुकडे असतात, गुणून बघा, १०,००,२०,४८,८६,०१६ बाइट येतील, म्हणजे १,००,०२० कोटी. विंडोज याला १०७.३७ कोटीने भागतं, उत्तर येतं ९३१.५, आणि पुढे जीबी असं लिहून मोकळं होतं. जागा कुठेच गेलेली नाहीये, मोजपट्टी बदललीय.

फोल्डरचं पण तसंच. मॅक २००९ च्या स्नो लेपर्ड म्हणजे १०.६ पासून १००० ने मोजतो, त्यामुळे तिथले ९४० जीबी म्हणजे साधारण ९४,००० कोटी बाइट. डिस्क १,००,०२० कोटीची. सरळ मावतंय, सहा हजार कोटी बाइट शिल्लक राहतात.

पण इथे एक गोष्ट नीट बघा, हेच ९४० जर विंडोजने दाखवलेले असते तर उत्तर उलटं झालं असतं. ९४० गुणिले १०७.३७ कोटी म्हणजे १,००,९३१ कोटी, आणि डिस्क १,००,०२० कोटीची, म्हणजे मावलं नसतं. आकडा तोच, ९४०, पण कुणी दाखवला त्यावर हो की नाही ठरतं. म्हणून मॅकवर फोल्डर निवडून गेट इन्फो उघडा, तिथे जीबीच्या शेजारी पूर्ण बाइटचा आकडा असतो तो इथे टाका, विंडोजमध्ये डिस्कवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीजमध्ये पण बाइटचा आकडा असतो. ते दोन आकडे शेजारी ठेवले की भागाकाराची गरजच नाही.

झटपट हिशोबाला लक्षात ठेवायचं तर खोक्यावरच्या जीबीला ०.९३ ने गुणा की विंडोजचा आकडा येतो, टीबी ते टीबी असेल तर ०.९१ ने, एमबीला ०.९५ ने. ५०० ची डिस्क ४६५ का दिसते, ६४ चा पेन ड्राइव्ह ५९ च्या घरात का दिसतो, ४ टीबी ची ३.६३ का दिसते, सगळं यात बसतं.

सरळरेघ:

माझं मत वेगळं आहे आणि स्पष्ट लिहितो. कॉम्प्युटर सगळं दोनच्या पटीत चालतो, लहानपणापासून आम्ही १०२४ च शिकलो, पुस्तकात १०२४, परीक्षेत १०२४. मग डिस्क बनवणाऱ्यांनाच १००० का आठवतं? कारण आकडा मोठा दिसतो. ग्राहकाला १ टीबी सांगायचं आणि ९३१ द्यायचे ही फसवणूकच आहे, त्याला मोजपट्टी वगैरे नाव देऊ नये. रॅम घेताना कसं ८ म्हणजे पूर्ण ८ च मिळतात?

हिशोबवही:

राग समजू शकतो, आणि हा वाद कोर्टातही गेलाय. अमेरिकेत वेस्टर्न डिजिटलने २००६ मध्ये आणि सीगेटने २००७ मध्ये अशा दाव्यांत तडजोड केली, सीगेटच्या वेळी ग्राहकांना किमतीच्या ५ टक्के किंवा बॅकअपचं सॉफ्टवेअर असा पर्याय होता. पण तेव्हाही १ जीबी म्हणजे १०० कोटी बाइट हे खोक्यावर छापणं एवढंच बदललं, मोजायची पद्धत तीच राहिली. तुमच्या खोक्यावर बारीक अक्षरात ते वाक्य असेल बघा.

कॉम्प्युटर सगळं दोनच्या पटीत चालतो हे मात्र अर्धंच खरं आहे. रॅमच्या बाबतीत खरं आहे, कारण रॅममध्ये प्रत्येक जागेला पत्ता लागतो आणि पत्ता वाहून नेणाऱ्या तारा प्रत्येकी ० किंवा १ असतात. दहा तारा असतील तर दोनचा दहावा घात म्हणजे १०२४ पत्ते होतात, अकरावी तार जोडली की सरळ दुप्पट, २०४८. मध्ये १००० वर थांबलात तर २४ पत्ते वाया घालवायचे, कशाला घालवतील? म्हणून रॅमच्या चिप १०२४ च्या हिशोबात बनतात आणि ८ जीबीची रॅम म्हणजे ८५८,९९,३४,५९२ बाइट असतात. जेडेक, जी मेमरीची मानकं ठरवते, तिनेही रॅमसाठी १०२४ चा हा वापर चालू ठेवलाय.

हार्ड डिस्कला असलं काही बंधन नाही. गोल तबकडी, तिच्यावर ट्रॅक, ट्रॅकवर सेक्टर, किती तबकड्या आणि किती ट्रॅक हे यंत्र बनवणाऱ्याच्या सोयीने ठरतं. आयबीएमची १९५६ ची रॅमॅक, ती पहिली हार्ड डिस्क, ती ५० लाख अक्षरांची म्हणून ओळखली गेली, सरळ दशमान आकडा. म्हणजे डिस्कवाले पुढे आकडा फुगवायला १००० कडे आले असं नाहीये, त्यांचं मोजमाप आधीपासूनच दशमान होतं. नेटवर्कचं पण तेच, तिथे तर १०२४ कधी आलाच नाही.

मग १०२४ ला किलो कुठून चिकटलं, तर १००० च्या जवळ आहे म्हणून, आणि तेव्हा मेमरी एवढी छोटी होती की २.४ टक्के फरकाने कुणाचंच अडत नव्हतं. पुढे प्रत्येक पायरीला तो फरक वाढत गेला हे कुणी धरलं नाही, मेगाला ४.९ टक्के, गिगाला ७.४, टेराला जवळजवळ १०, आणि पेटाला साडेबारा टक्क्यांच्या वर जातो. किलोमध्ये चालून गेलेली सोय टेरामध्ये दहा टक्क्यांची झाली, आणि आता सगळ्यांकडे टेराच्या डिस्क आहेत म्हणून आता बोचतेय.

काळी_फीत:

फ्लॉपीची गोष्ट सांगायलाच हवी इथे, कारण तिथे दोन्ही पद्धती एकाच आकड्यात मिसळल्या होत्या. साडेतीन इंची फ्लॉपीवर १.४४ एमबी लिहिलेलं असायचं. तिच्यावर ८० ट्रॅक, २ बाजू, प्रत्येक ट्रॅकवर १८ सेक्टर आणि सेक्टरमध्ये ५१२ बाइट, गुणाकार १४,७४,५६० बाइट. १००० ने दोनदा भागा, १.४७ येतं. १०२४ ने दोनदा भागा, १.४१ येतं. १.४४ यायला एकदा १०२४ ने आणि मग एकदा १००० ने भागावं लागतं! म्हणजे तो एमबी कुठल्याच व्याख्येत बसत नव्हता आणि तरी आख्ख्या जगाने ते नाव वापरलं.

सीडी-डीव्हीडीत पण असंच, ७०० एमबीची सीडी १०२४ च्या मापाने ७०० आहे, ८० मिनिटांच्या सीडीत ३,६०,००० सेक्टर गुणिले २०४८ बाइट धरले तर ७३,७२,८०,००० बाइट भरतात. पण ४.७ जीबीची डीव्हीडी १००० च्या मापाने ४.७ आहे, विंडोजच्या हिशोबात ती ४.३८ च भरते. सीडीच्या सवयीने ४.६ जीबी चा फोल्डर डीव्हीडीवर लिहायला घेतला की सॉफ्टवेअर जागा नाही म्हणायचं आणि कितीतरी लोकांना कळायचंच नाही का ते.

सरळरेघ:

रॅमच्या तारांचं पटलं. फ्लॉपीचं माहीत नव्हतं, धन्यवाद. पण मग नावं तरी वेगळी ठेवायची ना दोघांची, ग्राहकाला कसं कळणार?

हिशोबवही:

ठेवलीत, कधीच ठेवलीत. आयईसी या आंतरराष्ट्रीय मानक संस्थेने १९९८ मध्ये १०२४ वाल्यांसाठी वेगळी नावं दिली, किबीबाइट, मेबीबाइट, गिबीबाइट, टेबीबाइट, लिहिताना केआयबी, एमआयबी, जीआयबी, टीआयबी. त्यांच्यानुसार केबी, एमबी, जीबी हे फक्त १००० साठीच. म्हणजे मूळ प्रश्नातल्या दोन कन्व्हर्टर साइटपैकी १ टीबी बरोबर १००० जीबी म्हणणारी मानकानुसार बरोबर, आणि दुसरीने १ टीआयबी बरोबर १०२४ जीआयबी असं लिहायला हवं होतं. दोन्हीकडे भागाकार ठीकच आहे, एकीकडे फक्त नाव चुकलंय.

लिनक्समध्ये ही नावं बऱ्यापैकी रुळलीत. डिस्कवरची जागा दाखवणाऱ्या डीएफ कमांडला लहान एच दिला तर १०२४ ने, मोठा एच दिला तर १००० ने, आणि कॉपी करणारी डीडी कमांड तर कॉपी झाल्यावर एमबी आणि एमआयबी दोन्ही छापतं, मला ते सगळ्यात प्रामाणिक वाटतं. विंडोज मात्र अजूनही १०२४ ने भागून जीबी लिहितं. तिथे जीबीच्या जागी जीआयबी एवढं जरी लिहिलं असतं तर या धाग्याची गरज पडली नसती, आणि माझं ठाम मत आहे की ते व्हायला हवं, कारण सामान्य माणूस आकडा बघून निर्णय घेतो, तुमच्यासारखा डिस्क परत द्यायला निघतो.

तारजोड:

स्पीडचा प्रश्न राहिलाच की सगळ्यांचा, तो मी घेतो.

गिगाबिट म्हणजे सेकंदाला १ गिगाबिट, जीबी म्हणजे गिगाबाइट, ८ बिटचा १ बाइट, म्हणून गिगाबिट म्हणजे सेकंदाला १२५ एमबी. इंग्रजीत लिहिताना लहान बी असेल तर बिट आणि मोठा बी असेल तर बाइट, एवढ्याशा अक्षरात आठपट फरक आहे. नेटवर्कवाले आणि इंटरनेट देणारे कायम बिटमध्ये बोलतात, कॉपी करणारी खिडकी कायम बाइटमध्ये. १०० एमबीपीएसचं, म्हणजे सेकंदाला १०० मेगाबिटचं कनेक्शन असलं तर डाउनलोड १२.५ एमबीच्या वर जाणारच नाही, त्यात कुणी स्पीड चोरत नाहीये.

पण तुमच्या बाबतीत ११ हा आकडा वाचला आणि लगेच कळलं काय झालंय ते. १०० मेगाबिटच्या जोडणीवर प्रत्येक पाकिटाबरोबर पत्ते, हेडर, दोन पाकिटांमधली मोकळी जागा हे सगळं जातं, तारेवर १५३८ बाइट जातात तेव्हा त्यात तुमच्या फाइलचे १४६० असतात. म्हणून १०० मधले जवळपास ९५ मेगाबिट उरतात, भागिले ८, म्हणजे ११.९ एमबी, आणि विंडोज तेही १०२४ च्या मापाने दाखवतं म्हणून खिडकीत ११.३ च्या आसपास. ११ वर स्थिर राहिलेला स्पीड म्हणजे तुमची लाइन गिगाबिटवर चाललेलीच नाही, १०० वर चालतेय. राउटर गिगाबिटचा असून उपयोग नाही, मॅक ते राउटर आणि राउटर ते लॅपटॉप दोन्ही तुकडे गिगाबिट पाहिजेत.

बहुतेक वेळा केबल असते. १०० मेगाबिटला केबलमधल्या चार तारा पुरतात, गिगाबिटला आठच्या आठ लागतात, एखादी तार तुटलेली असली किंवा क्लिप नीट बसली नसली तर दोन्ही बाजू गुपचूप १०० वर उतरतात आणि कुठेच एरर येत नाही. विंडोजमध्ये नेटवर्क अडॅप्टरचं स्टेटस उघडा, लिंक स्पीड लिहिलेला असतो, १०० दिसला तर केबल बदलून बघा. तरी १०० च राहिला तर लॅपटॉपचा पोर्टच १०० चा असेल, जुन्या लॅपटॉपला असतो.

वेळेचा हिशोब पण देतो. ९४० जीबी म्हणजे ९,४०,००० एमबी, ११.९ ने भागलं तर ७९,००० सेकंद, म्हणजे जवळजवळ २२ तास. तेच गिगाबिटवर ११८ च्या आसपास धरलं तर सव्वादोन तास, अर्थात तोपर्यंत डिस्कच दमेल, फिरणारी एक्स्टर्नल डिस्क सलग मोठी फाइल लिहिताना १०० च्या आसपास जाते आणि भरत आली की अजून हळू होते, बारीक फाइल असतील तर त्याहून कमी. तीन-साडेतीन तास धरून चाला.

चित्रसंग्रह:

अरे वा, एवढं सगळं कुणी सांगितलंच नव्हतं. लिंक स्पीड बघितला, खरंच १०० दिसतोय. दुसरी केबल मिळेल तेव्हा मिळेल, तोपर्यंत विचार केला की डिस्क एक्सफॅटमध्ये, म्हणजे मॅक आणि विंडोज दोन्हीला लिहिता येणाऱ्या फॉरमॅटमध्ये फॉरमॅट करून सरळ मॅकलाच लावावी, म्हणजे नेटवर्कची भानगडच नको, रिकामीच आहे त्यामुळे काही जाणार नाही.

गेट इन्फोमधला आकडा ९,४०,१८,२२,५१,३०४ बाइट, फाइल जवळपास १ लाख ९६ हजार आहेत. मावेल ना नक्की एक्सफॅटवर?

कप्पेवाला:

थांबा, एक्सफॅटमध्ये एक बारकावा आहे, तो बघूनच फॉरमॅट मारा.

डिस्क कुठलीही असो, फाइलला जागा बाइट बाइटने मिळत नाही, ठरावीक आकाराच्या कप्प्यांत मिळते, त्याला क्लस्टर किंवा अॅलोकेशन युनिट म्हणतात. एनटीएफएसवर तो साधारण ४ केबीचा असतो, पण विंडोजमध्ये ३२ जीबीच्या वरच्या डिस्कला एक्सफॅट मारलं तर आपोआप १२८ केबीचा घेतला जातो, इथले सगळे केबी १०२४ वाले धरा. ५ केबीचा फोटो ठेवला तरी १२८ केबीचा आख्खा कप्पा त्याच्या नावावर. म्हणून विंडोजच्या प्रॉपर्टीजमध्ये दोन आकडे असतात, साइज आणि साइज ऑन डिस्क.

सरासरी धरली तर प्रत्येक फाइलचा शेवटचा कप्पा अर्धा रिकामा राहतो, म्हणजे ६४ केबी वाया. १,९६,००० गुणिले ६४ केबी म्हणजे जवळपास १२ जीआयबी. फाइल मोठ्या असोत की छोट्या, प्रत्येकीमागे वाया जाणारी जागा एका कप्प्याच्या आतच असते, म्हणून वाईटात वाईट २४. आणि दुसरं, हे फार लोकांना माहीत नसतं, मॅक एक्सफॅटवर कॉपी करताना फाइलला जोडलेली जास्तीची माहिती, टॅग वगैरे, वेगळ्या लपलेल्या फाइलमध्ये ठेवतो, नाव टिंब आणि अंडरस्कोरने सुरू होतं. ती असते ४ केबीची पण कप्पा घेते १२८ चा. प्रत्येक फोटोमागे अशी एक झाली तर अजून २४ जीआयबी गेले.

तुमचे ९४,०१८ कोटी बाइट म्हणजे ८७५.६ जीआयबी, डिस्क ९३१.५ ची, शिल्लक साधारण ५६. त्यातून २४ आणि २४ गेले तरी ८ उरतात, म्हणजे मावेल, पण काठोकाठ. फाइल ३ लाख असत्या तर मी नको म्हणालो असतो. सोपा उपाय म्हणजे विंडोजमध्ये फॉरमॅट करताना त्याच खिडकीत अॅलोकेशन युनिट साइज असं असतं तिथे ३२ केबी निवडा. मग सरासरी नुकसान ३ जीआयबी, लपलेल्या फाइलचे ६, सगळे मिळून ९ च्या घरात, आणि ४६-४७ मोकळे राहतात.

चुकून फॅट ३२ निवडू नका, त्यात एक फाइल ४ जीआयबीला एक बाइट कमी इथपर्यंतच चालते, ४२९,४९,६७,२९५ बाइट. मॅकवर ४.२ जीबी दिसणारा व्हिडिओ जाईल आणि ४.३ वाला अडेल. लग्नाच्या वगैरे लांब व्हिडिओला हमखास अडतं.

पानपान:

मधेच विचारते, विषय तोच आहे म्हणून. ऑनलाइन फॉर्म भरताना फोटो ५० केबीच्या आत हवा असं असतं, माझा फोटो विंडोजमध्ये ४९.६ केबी दिसतो तरी फॉर्म घेत नाही. ४९.६ हे ५० पेक्षा कमी नाहीये का?

हिशोबवही:

ताई, विंडोजचे ४९.६ केबी म्हणजे ४९.६ गुणिले १०२४, साधारण ५०,७९० बाइट. त्या फॉर्मने ५० केबीची मर्यादा ५०,००० बाइट अशी लिहिलेली असेल तर तुमचा फोटो वर जातो. काही फॉर्म ५१,२०० धरतात, तिथे हाच फोटो चालेल. बाहेरून कळायला मार्ग नाही, म्हणून प्रॉपर्टीजमध्ये बाइटचा आकडा बघा आणि तो ५०,००० च्या खाली आणा, मग दोन्हीकडे चालतो. २ एमबीची मर्यादा असेल तर २० लाख बाइटच्या खाली ठेवा. कमीत कमी साइजची अट असेल, म्हणजे २० केबीपेक्षा मोठा हवा वगैरे, तर उलटं, २०,४८० च्या वर ठेवा.

पानपान:

४७ केबीचा केला, लगेच घेतला! आणि ईमेलला २५ एमबी चालतात म्हणतात तर २३ एमबीची पीडीएफ का अडते, ते पण हेच का?

तारजोड:

नाही, ते वेगळं आहे. ईमेल मुळात साध्या अक्षरांसाठी बनलेली, त्यामुळे जोडलेली फाइल आधी अक्षरांत बदलतात, त्याला बेस ६४ म्हणतात, दर ३ बाइटची ४ अक्षरं होतात, शिवाय ओळी तोडायला थोडे बाइट जातात. २३ ची पीडीएफ वाटेत ३१ च्या वर जाते. २५ ची मर्यादा पाठवल्या जाणाऱ्या आख्ख्या मेलला असेल तर १८ पर्यंतची फाइल धरायची, त्याच्या वर असेल तर लिंक पाठवा.

असंच एसएमएसचं. एका मेसेजला १४० बाइट मिळतात. इंग्रजी अक्षर ७ बिटमध्ये बसतं म्हणून १४० गुणिले ८ भागिले ७, बरोबर १६० अक्षरं. देवनागरीला प्रत्येक चिन्हाला १६ बिट लागतात, म्हणून ७०. काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार सगळे वेगळे मोजले जातात, त्यामुळे मराठी मेसेज एवढ्यात संपतो. बिट आणि बाइट वेगळे ठेवले की हे सगळे आकडे बोटावर निघतात.

चित्रसंग्रह:

३२ केबीचा कप्पा निवडून फॉरमॅट केला, मॅकला लावली, कॉपी पूर्ण झाली. पण आता विंडोजमध्ये उघडून बघतोय तर फाइल मॅकपेक्षा बऱ्याच जास्त दिसतायत आणि साइज ऑन डिस्क पण वेगळी आहे. नीट कॉपी झालंय हे समजायचं कसं?

कप्पेवाला:

जास्तीच्या फाइल म्हणजे त्याच टिंब-अंडरस्कोर वाल्या, मॅक त्या दाखवत नाही, विंडोज मोजतं. म्हणून तुलना विंडोजमध्ये करू नका, डिस्क परत मॅकला लावा आणि दोन्ही फोल्डरचं गेट इन्फो शेजारी शेजारी उघडा. जीबीकडे बघू नका आणि ऑन डिस्क पण नको, तो कप्प्यांवर अवलंबून असतो म्हणून दोन डिस्कवर वेगळाच येणार. पूर्ण बाइटचा आकडा आणि फाइलची संख्या बघा. मॅक स्वतःची फोल्डरच्या मांडणीची छोटी फाइल इकडेतिकडे ठेवतो, डीएस स्टोअर नावाची, त्यामुळे काही हजार बाइटचा फरक दिसला तर घाबरू नका. कोटीत फरक आला तर मात्र काहीतरी राहिलंय, वर्षांप्रमाणे आतले फोल्डर केले असतील तर एकेक वर्ष तपासत जा, कुठे तुटलंय ते लगेच सापडेल.

बाइट जुळले म्हणजे आकार जुळला, आतला मजकूर तोच आहे याची खात्री हवी असेल तर चेकसम, म्हणजे फाइलच्या आतल्या मजकुरावरून निघणारा ओळख-आकडा, काढून दोन्हीकडचा जुळवावा लागतो, मॅकच्या टर्मिनलमध्ये शासम कमांड आहे. ९४० जीबीला दोन्हीकडे वाचायला काही तास लागतील. फोटो परत मिळणारे नाहीत, मी तरी रात्री लावून ठेवला असता.